हात हलला, पण तो मी हलवला का? (मेंदूला बाहेरून चेतवण्याचे प्रयोग)

चेतातंतू
टीएमएसवर (डोक्याबाहेरून चुंबकीय क्षेत्राने मेंदूला चेतवायचं तंत्र) दुसऱ्या धाग्यात बोलणं सुरू झालं होतं, तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी या विषयाचा विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचा सल्ला म्हणून यातलं काही घेऊ नका.

आधी मशीन काय करतं ते. डोक्यावर इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल धरतात, तिच्यातून मिलिसेकंदाहून कमी वेळ जबरदस्त करंट सोडतात, त्याने चुंबकीय क्षेत्र झपकन तयार होतं आणि विरतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात करंट तयार होतो हा फॅरेडेचा 1831 चा शोध, फक्त इथे तो वाहक म्हणजे जिवंत मेंदू. 1980 मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून थेट वीज देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले होते पण ते चांगलंच दुखायचं, कारण कवटी वीज अडवते आणि सगळा मार डोक्याच्या कातडीवर बसतो. चुंबकीय क्षेत्राला कवटीचा अडथळा होत नाही. 1985 मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी कॉइलने तेच काम जवळजवळ न दुखता करून दाखवलं. मोटर कॉर्टेक्स म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरचा हालचालीचे हुकूम देणारा भाग, त्यातल्या हाताच्या जागेवर कॉइल धरायची, टक् असा आवाज होतो आणि साधारण 20 मिलिसेकंदांनी विरुद्ध बाजूच्या हाताचं बोट उडतं.

आता मला ज्याबद्दल बोलायचंय ते. बोट उडालं. स्नायू तेच, नस तीच, मोटर कॉर्टेक्सही तोच जो आपण स्वतः बोट हलवताना वापरतो. तरी ज्याचं बोट आहे तो माणूस म्हणतो माझं बोट हललं. मी हलवलं असं तो म्हणत नाही. म्हणजे हालचाल होणं आणि ती मी केली असं वाटणं या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या तयार होतात, रोजच्या जगण्यात त्या इतक्या एकत्र येतात की आपल्याला एकच वाटतात.

यावर 2002 मध्ये पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांचा एक फार सुंदर प्रयोग झाला. बटण दाबायचं, 250 मिलिसेकंदांनी बीप वाजतो, आणि दोन्ही नेमके कधी झाले ते भरभर फिरणाऱ्या घड्याळाच्या काट्यावरून सांगायचं. आपल्या मनाने बटण दाबलं की दाबणं थोडं उशिरा झालं असं वाटतं आणि बीप थोडा लवकर, म्हणजे कृती आणि परिणाम जाणिवेत एकमेकांकडे सरकतात. तेच बोट टीएमएसने उडवलं की उलटं होतं, दोन्ही एकमेकांपासून लांब गेल्यासारखे वाटतात. विचार करा, वेळेची जाणीवसुद्धा 'हे मी केलं का' यावर बदलते!

आणि सगळ्यात थरारक 2009 चा, फ्रान्समध्ये मिशेल देम्युर्जे आणि अँजेला सिरिगू यांच्या गटाचा. मेंदूचं ऑपरेशन चालू असताना जाग्या असलेल्या सात पेशंट्सच्या मेंदूला इलेक्ट्रोडने अगदी हलकी वीज दिली. पराएटल भागात, म्हणजे डोक्याच्या मागच्या वरच्या बाजूला, दिली तर त्यांना हात किंवा पाय हलवावासा वाटायला लागला, काहींना बोलावंसं वाटलं. वीज थोडी वाढवली तर ते म्हणाले मी हलवला, मी बोललो, आणि प्रत्यक्षात ईएमजीवर, म्हणजे स्नायूंमधली विजेची हालचाल मोजणाऱ्या नोंदीवर, काहीही नाही. उलट प्रीमोटर भागात, म्हणजे मोटर कॉर्टेक्सच्या जरा पुढे, दिली तर हात खरोखर हलला पण पेशंटला पत्ता नाही, विचारलं तर ठाम नाही म्हणाले. इच्छा आहे पण हालचाल नाही, आणि हालचाल आहे पण जाणीव नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवून नुसता बसून राहिलो होतो.

रानवारा
वाचनखूण साठवली. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. अजून लिहा.

ओहम
मस्त धागा. मी इलेक्ट्रिकलवाला, मला हे कंट्रोल सिस्टिमच्या चष्म्यातून दिसतं. मग मला सांगा हे 'मी केलं' येतं कुठून? सरळ उत्तर असं वाटतं की हात हलला, डोळ्यांनी दिसला, सांध्यांकडून सिग्नल आला, मेंदूने जुळवून बघितलं की हेच मला हवं होतं, झालं. फीडबॅक लूप. मग पराएटलमध्ये वीज दिल्यावर फीडबॅक काहीच नसताना मी हलवला असं वाटतं ते कसं काय?

चेतातंतू
ओहम, नेमकं तिथेच बोट ठेवलंत. नुसत्या फीडबॅकवर शरीर चालत नाही कारण तो फार उशिरा येतो. डोळ्यांनी पाहून हाताची दिशा सुधारायला 100 मिलिसेकंदांहून जास्त जातात, तेवढ्यात हात कुठच्या कुठे गेलेला असतो. म्हणून मेंदू स्नायूंना हुकूम पाठवतो तेव्हाच त्या हुकमाची एक प्रत स्वतःकडे ठेवतो आणि तिच्यावरून आधीच अंदाज बांधतो की आता काय दिसेल, काय जाणवेल. तुमच्या भाषेत फॉरवर्ड मॉडेल. खरा सिग्नल आला की तो या अंदाजाशी ताडून बघायचा, जुळला तर तो दाबून टाकायचा कारण त्यात नवीन काही नाही.

एक करून बघा. एक डोळा मिटा, उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला पापणीवरून बोटाने अगदी हलकेच ढकला (डोळ्याचं ऑपरेशन किंवा दुखणं असेल तर नको). समोरचं सगळं हललेलं दिसेल. आता तोच डोळा नेहमीसारखा डावीउजवीकडे फिरवा, जग जागच्या जागी. दोन्ही वेळा डोळ्यातलं चित्र सरकलंच, पण दुसऱ्या वेळी हुकूम मेंदूनेच दिला होता म्हणून ते सरकणं त्याने वजा केलं. बोटाने ढकलताना डोळ्याच्या स्नायूंना हुकूम गेलाच नाही, मग वजा काय करणार. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 19 व्या शतकातच हे मांडलं होतं. 1950 मध्ये फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनी जर्मनीत आणि रॉजर स्पेरी यांनी अमेरिकेत, एकाच वर्षी वेगवेगळे, त्याला पक्कं रूप दिलं.

गुदगुल्यांचंही हेच. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत कारण अंदाज तंतोतंत जुळतो. सारा-जेन ब्लेकमोर, वोल्पर्ट आणि फ्रिथ यांनी 1998 मध्ये स्कॅनरमध्ये दाखवलं की स्वतः स्पर्श केला की स्पर्शाच्या कॉर्टेक्समधली हालचाल कमी असते आणि लहान मेंदूचा यात हात दिसतो. मग त्यांनी मध्ये रोबो घातला. तुम्ही एका हाताने दांडी हलवायची आणि रोबो तीच हालचाल दुसऱ्या तळव्यावर करणार, पण 100, 200, 300 मिलिसेकंद उशिराने. जितका उशीर जास्त तितक्या गुदगुल्या जास्त! म्हणजे स्वतःचाच हात थोडा उशिरा पोचला की परक्याचा वाटायला लागतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, पराएटल भागाला वीज दिली तेव्हा बहुतेक हा अंदाजच थेट जागा झाला. आणि 'मी हलवलं' ही जाणीव बरीचशी अंदाजावर उभी असते, हात खरोखर पोचला का यावर कमी. 'बहुतेक' मुद्दाम म्हणतोय.

अनु_फिजिओ
चेतातंतू, छान लिहिताय. मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून दुसऱ्या बाजूने थोडं. अंदाज महत्त्वाचा आहेच पण त्याला खाली जमीन लागते आणि ती जमीन म्हणजे स्नायू आणि सांध्यांकडून येणारी माहिती, आपला हात कुठे आहे हे न बघता कळणं. ती गेली तर काय होतं हे इयन वॉटरमन यांच्या उदाहरणावरून कळतं. 1971 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी, एका आजारानंतर त्यांची मानेखालची स्पर्शाची आणि सांध्यांची जाणीव पूर्ण गेली. स्नायूंची ताकद शाबूत होती, नसा हुकूम नेत होत्या, पण उठून बसता येईना, हात उचलायला गेलं तर भलतीकडे जायचा. नंतर त्यांनी प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघून, मनात ठरवून करायला स्वतःला शिकवलं, परत चालायला लागले, कामाला लागले. पण अचानक दिवे गेले की तोल सांभाळता येत नाही, कारण डोळे हाच एकमेव आधार. आम्हाला शिकवताना हे सांगतात तेव्हा वर्गात सगळे गप्प होतात.

आणि ही माहिती फसवताही येते. दंडाच्या पुढच्या स्नायूच्या टेंडनवर साधारण 100 हर्ट्झने (सेकंदाला 100 वेळा) थरथरणारा व्हायब्रेटर धरला आणि डोळे मिटले की हात जागेवर असूनही कोपर सरळ होत चाललंय असं वाटतं, कारण स्नायूतले ताण मोजणारे तंतू स्नायू लांब होतोय असा रिपोर्ट देतात. गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी 1972 मध्ये यावर लिहिलं. व्हायब्रेटर लावलेल्या हाताने नाक धरून ठेवलं तर काहींना चक्क नाक लांब होत चाललंय असं वाटतं!! मेंदू बिचारा हिशोब जुळवतो, हात लांब चाललाय आणि नाक हातात आहे म्हणजे नाकच वाढलं असणार.

प्रश्नचिन्ह
वाचायला मजा येतेय पण माझे दोन आक्षेप.

एक, 2009 च्या प्रयोगात सात पेशंट, सगळ्यांना मेंदूत गाठी, ऑपरेशन टेबलावर, आणि पुरावा काय तर ते तोंडाने काय म्हणाले. गाठ असलेल्या मेंदूवरून सगळ्यांच्या मेंदूबद्दल किती बोलायचं? दोन, यातून लगेच लोक 'इच्छास्वातंत्र्य नाहीच' वर उडी मारतात. अमेरिकी संशोधक बेंजामिन लिबेटचा 1983 चा प्रयोग प्रत्येक चर्चेत येतो, की इच्छा जाणवायच्या साधारण एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारीचा सिग्नल चढायला लागलेला असतो, म्हणजे निर्णय मेंदूने घेतला आणि आपल्याला नंतर कळवलं. हे मला पटत नाही.

चेतातंतू
दुसऱ्या आक्षेपाशी पूर्ण सहमत. 2012 मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूत कायम चढउतार चालूच असतात, कधीतरी एखादा चढ उंबरठा ओलांडतो आणि आपण हालचाल करतो. आता सगळ्या हालचाली त्या क्षणाला जुळवून मागे जाऊन सरासरी काढली तर हळूहळू चढणारी रेषा दिसणारच, ती गुपचूप घेतलेल्या निर्णयाची खूण असायलाच हवी असं नाही. लिबेटच्या आकड्यांवर वाद नाही, त्यांचा अर्थ काय यावर आहे.

पहिल्यावर अर्धा सहमत. सात फार कमी आणि बोलण्यावरचा पुरावा कच्चा, मान्य. पण हालचाल झाली नाही हे ईएमजीने मोजलंय, ते नुसतं बोलणं नाही. शिवाय वीज देऊन जाणीव बदलते याला दुसऱ्या बाजूने खणखणीत पुरावा आहे. 1990 मध्ये विल्यम न्यूसम यांच्या गटाने माकडांना पडद्यावर सरकणारे ठिपके दाखवले, ठिपके कुठे चाललेत ते माकडाने नजर वळवून सांगायचं. दृष्टीच्या एमटी नावाच्या भागात एकाच दिशेला प्रतिसाद देणारे न्यूरॉन (मेंदूच्या पेशी) एकत्र गटाने असतात. त्या गटाला बारीक वीज दिली की माकडाचं उत्तर त्या गटाच्या दिशेकडे झुकायचं. तिथे गाठही नाही आणि तोंडी जबाबही नाही.

अंधांवरचं 1997 चं कामही मला फार आवडतं, कोहेन आणि सहकाऱ्यांचं. लहानपणापासून अंध असलेले लोक ब्रेल वाचत असताना डोक्याच्या मागच्या भागावर, म्हणजे आपल्याकडे जो बघायचं काम करतो तिथे, टीएमएस दिलं तर त्यांच्या वाचनात चुका व्हायला लागल्या. डोळस माणसांना बोटांनी अक्षरं ओळखायला लावली तर त्याच जागी टीएमएस देऊन काही बिघडलं नाही. न दिसणाऱ्या मेंदूने तो भाग रिकामा ठेवला नाही, बोटांच्या कामाला लावला. स्कॅनमध्ये नुसतं कळतं की तो भाग उजळतो, टीएमएसने कळतं की त्याच्यावाचून अडतं. या तंत्राचं खरं मोल माझ्या मते हेच आहे.

झटपट
मला साधा प्रश्न. डोक्याला लावायचे ते हेडबँड मिळतात ना, टीडीसीएसवाले, बॅटरीवर चालतात, एकाग्रता वाढते म्हणतात. परीक्षा जवळ आलीय, घेऊ का? अभ्यास बसेना झालाय

ओहम
झटपट, घेऊ नका. टीडीसीएसमध्ये 1 ते 2 मिलिअँपिअर सलग करंट डोक्याच्या कातडीवरून देतात. करंट नेहमी सोप्या वाटेने जातो आणि कातडी ती सोपी वाट आहे. 2018 मध्ये मृतदेहांवर मोजलं तर साधारण 75 टक्के करंट कातडी आणि कवटीतच संपत होता, आत पोचणारा इतका क्षीण की तो न्यूरॉनला पेटवू शकत नाही, फार तर थोडासा झुकवेल. आणि तो कुठे झुकवेल ते तुमच्या कवटीच्या जाडीवर अवलंबून.

चेतातंतू
ओहमना जोड. 2000 मध्ये नित्शे आणि पाउलुस यांनी जर्मनीत दाखवलं की 1 मिलिअँपिअरने मोटर कॉर्टेक्सची उत्तेजना काही मिनिटं बदलते, तिथून ही लाट उठली. पण माणसामाणसात फरक प्रचंड आहे. तो टीएमएसमध्येसुद्धा आहे, 2013 मध्ये हमादा आणि रॉथवेल यांच्या गटाने 52 जणांवर थीटा बर्स्ट नावाची पद्धत तपासली, जिचा एक प्रकार उत्तेजना वाढवतो आणि दुसरा कमी करतो असं पुस्तकात असतं. सगळ्यांची सरासरी काढली तर दोन्हींचा ठळक परिणाम उरलाच नाही, कुणाचं वाढलं, कुणाचं कमी झालं. पुस्तकातला नियम तुमच्या डोक्याला लागू होईल याची खात्री कोण देणार?

2016 मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनीच घरी प्रयोग करणाऱ्यांना खुलं पत्र लिहिलं होतं, की एका जागी दिलेला करंट शेजारच्या भागांवरही परिणाम करतो, एक क्षमता वाढली तर दुसरी घटू शकते, आणि बदल किती टिकतील ते माहीत नाही. डिप्रेशनमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली टीडीसीएसवर गंभीर काम चालू आहे, निकाल दोन्हीकडचे आहेत, 2023 मध्ये लॅन्सेटमधल्या चाचणीत खोट्या करंटपेक्षा फायदा दिसला नाही आणि 2024 मध्ये नेचर मेडिसिनमधल्या घरी वापरायच्या चाचणीत दिसला. पण तो आजारावरचा उपचार आहे, परीक्षेसाठी नाही. अभ्यास बसत नसेल तर आधी झोप पुरी होतेय का बघा, शिकलेलं पक्कं व्हायला मेंदूला झोप लागते. आणि तरीही जमेना तर कुणाशी तरी बोला, इथे मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

झटपट
बरं. धन्यवाद दोघांनाही, नाही घेत. झोपेचं खरंय, रोज दोन वाजतात

माघाची_थंडी
हा धागा कालपासून वाचतेय. माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे, बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत, आता गोळीचा असर लवकर उतरतो आणि मधल्या वेळात अंग ताठ होतं. डॉक्टर डीबीएसचा (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) विचार करा म्हणाले. मेंदूत तार घालणार हे ऐकूनच घरात सगळे हादरलेत. आणि वर चेतातंतू यांनी लिहिलेलं वाचून मला वेगळीच भीती वाटली, बाबांना आपलाच हात दुसरं कुणी हलवतंय असं वाटेल का? मशीन हलवतंय असं?

चेतातंतू
माघाची_थंडी, ही भीती अगदी स्वाभाविक आहे, आणि बरं झालं विचारलंत. डीबीएस हात हलवत नाही. टीएमएसमध्ये मोटर कॉर्टेक्सला एक ठोका देऊन बोट उडवतात, इथे तसं काही नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांमध्ये न्यूरॉन एकाच तालात अडकून बसतात, 13 ते 30 हर्ट्झचा तो ताल जितका जोरात तितका ताठरपणा आणि मंदपणा जास्त दिसतो. इलेक्ट्रोड तिथे सेकंदाला साधारण 130 ठोके सतत देत राहतो आणि हा अडकलेला ताल मोडतो असं आज मानतात. हलवायचं कधी, काय, कुठे, ते बाबाच ठरवणार.

1987 मध्ये ग्रनोबलला बेनाबिद यांना हे ऑपरेशनमध्येच सापडलं. तेव्हा कंपावर उपाय म्हणून मेंदूच्या आतल्या थॅलॅमस नावाच्या केंद्राचा छोटा भाग जाळून टाकायचे, आणि जाळण्याआधी जागा बरोबर आहे का बघायला वीज देऊन तपासायचे. वेग 100 हर्ट्झच्या आसपास नेला की कंप थांबतो हे त्यांच्या लक्षात आलं. जाळायच्या ऐवजी वीजच चालू ठेवली तर? त्यातून हे आलं, आणि याचा मोठा गुण म्हणजे बंद करता येतं, कमीजास्त करता येतं. 2025 मध्ये अमेरिकेत अशा यंत्रणेला मंजुरी मिळाली जी तो ताल स्वतः वाचून ठोके कमीजास्त करते.

अनु_फिजिओ
माघाची_थंडी ताई, मी असे बरेच पेशंट बघते म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. डीबीएसने आजार बरा होत नाही आणि वाढायचाही थांबत नाही. पण कंप, ताठरपणा, मंदपणा यात चांगला फरक पडतो, आणि गोळ्या बऱ्याचदा कमी होतात. ढोबळ नियम असा की जे लक्षण गोळीचा असर असताना सुधारतं ते डीबीएसनेही सुधारण्याची शक्यता जास्त (कंप याला अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी सुधारू शकतो). तोल जाणं आणि बोलणं यात फार आशा ठेवू नका, बोलणं कधीकधी आणखी अस्पष्टही होतं. विसरभोळेपणा वाढला असेल किंवा मन फार उदास असेल तर ते ऑपरेशनआधी नक्की सांगा, त्यावर निर्णय बदलू शकतो. ऑपरेशननंतर सेटिंग बसायला महिने लागतात, घरातल्यांनी धीर धरावा लागतो. आणि बॅटरी चार्ज करायची आहे का काही वर्षांनी बदलायची, ते आत्ताच विचारून ठेवा.

चालताना पाय अडकतात का बाबांचे?

माघाची_थंडी
हो. दारातून जाताना आणि वळताना. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि वरचं अंग पुढे जातं, दोनदा पडलेत. आणि गंमत म्हणजे जिना मात्र भरभर चढतात, आम्हाला वाटायचं मुद्दाम करतात की काय.

अनु_फिजिओ
अजिबात मुद्दाम नाही, कृपया त्यांना तसं कधी म्हणू नका. हे खूप जणांचं असतं. आतून आपोआप येणारी 'आता पुढचं पाऊल' ही सूचना कमी पडते, पण बाहेरून डोळ्यांना काही दिसलं तर मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलतो असं मानतात, आणि जिन्याची प्रत्येक पायरी ही अशी सूचनाच आहे.

चेतातंतू
2010 मध्ये नेदरलँड्समधल्या श्नायडर्स आणि ब्लूम यांनी असाच एक पेशंट दाखवला होता, 58 वर्षांचा, दोन पावलं टाकताना अडकून पडायचा, पण सायकलवर बसवलं की सहज चालवायचा आणि वळायचासुद्धा. उतरला की परत अडकला. हालचालीची क्षमता मेंदूत शिल्लक असते, तिथवर पोचायची एक वाट बंद असते.

माघाची_थंडी
हे बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले बघ, मी खोटं बोलत नव्हतो.
अनुताई, घरात काय करता येईल?

अनु_फिजिओ
दाराच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर ठळक रंगाच्या चिकटपट्ट्या लावा, चालण्याच्या दिशेला आडव्या, त्यांच्या एका पावलाच्या अंतराने, आणि पट्टी ओलांडून पाऊल टाकायला सांगा. एका लयीत आकडे मोजणं किंवा मेट्रोनोमचं अॅप, याचाही काहींना उपयोग होतो. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा गोल घेऊन वळायचं. अडकले की मागून ओढू-ढकलू नका, त्याने पडतात. थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, मग पाऊल. पुढे लेझरची रेघ पाडणाऱ्या काठ्याही मिळतात पण आधी पट्ट्या लावून फरक पडतो का बघा, सगळ्यांना पडतोच असं नाही. आणि जवळच्या फिजिओकडून त्यांचं चालणं एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या, शक्यतो गोळीचा असर उतरलेल्या वेळेला, कारण घोळ तेव्हाच दिसतो.